दुसऱ्या खंडातील शाळेशी व्हिडिओ कॉल: जोडीदार शाळा, वेळ आणि विषय कसा निवडावा?

माणदेशी

नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी आणि सातवीच्या वर्गांना विज्ञान व इंग्रजी शिकवते. लोकसहभागातून शाळेला एक मोठा टीव्ही आणि एक लॅपटॉप मिळाला आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या खंडातील एखाद्या शाळेशी व्हिडिओ कॉलवर जोडून द्यावे असा विचार आम्ही शिक्षकांनी केला आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाल्यापासून जिल्हा परिषदेच्या शाळेतूनही असे काही होऊ शकते, याविषयी कोणाला शंका उरलेली नाही. शंका आहे ती आम्हाला ते नीट करता येईल का, याची.

गावातील एक गृहस्थ नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झाले आहेत आणि आपल्या मुलीच्या शाळेत शब्द टाकण्याची त्यांची तयारी आहे. पण आमची शाळा भरते तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. मुले इंग्रजी वाचतात, ऐकलेले बरेचसे समजतेही, परंतु बोलायची वेळ आली की मागच्या बाकावर सरकतात. आणखी एक काळजी अशी, की अशा कार्यक्रमांच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या, त्यांत मुले ओळीने येऊन आपले नाव आणि आवडता रंग सांगतात, एखादे लेझीम किंवा समूहनृत्य होते, दोन्हीकडून हात हलवले जातात आणि कॉल संपतो. एवढ्यासाठी दोन शाळांचा दिवस खर्ची घालावा, असे मला वाटत नाही.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये जोडीदार शाळा स्काइपवरून शोधा असे लिहिलेले असते, पण स्काइपच ५ मे २०२५ रोजी बंद झाले. तेव्हा जोडीदार कुठे शोधावा, कोणत्या देशातला शोधावा आणि सापडल्यावर नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पन्हाळ्याकडचा मास्तर

मॅडम, आपल्या प्रश्नातील निम्मी अडचण न्यू जर्सी हे ठिकाण निवडल्यामुळे आलेली आहे. देश निवडताना नकाशाआधी घड्याळ पाहावे, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. तिकडे सकाळी नऊला वर्ग भरला तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेसहा वाजलेले असतात. एखाद्या दिवशी मुलांना संध्याकाळी बोलावता येईल, परंतु वाड्यावस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलींना अंधारात परत पाठवायचे असेल, तर तो उपक्रम दुसऱ्यांदा होत नाही. ब्रिटन त्या मानाने सोयीचे आहे. हिवाळ्यात ते साडेपाच तास मागे असते, त्यामुळे आपल्या दुपारी अडीचनंतरचा वेळ मिळतो. मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, हे वेळ ठरवताना दोन्हीकडच्या शिक्षकांनी लेखी नोंदवावे. जपान साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे आपली शाळा भरल्यावर जेमतेम एक तास हाती लागतो.

खऱ्या अर्थाने सोयीची आहे ती पूर्व आफ्रिका. केनिया आणि टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत, मॉरिशस तर फक्त दीड तास, आणि या तिन्ही देशांत घड्याळ पुढेमागे करण्याची पद्धत नाही. तरीही आपल्याकडे दुसरा खंड म्हटले की आफ्रिकेचे नाव कोणी काढत नाही, याचे कारण भूगोलात नसून आपल्या मनात आहे, हे थोडे कडवट असले तरी सांगून टाकतो.

जोडीदार शोधण्यासाठी आयअर्न हे जाळे आजही चालू आहे. न्यूयॉर्क आणि मॉस्को येथील शाळा एकमेकींना जोडण्याच्या १९८८ मधील प्रकल्पातून ते उभे राहिले आणि आज १०० हून अधिक देशांतील शिक्षक त्यात आहेत. तेथे आधी विषय ठरतो आणि मग त्या विषयावर काम करणाऱ्या शाळा एकत्र येतात, व्हिडिओ कॉल हा त्या कामाचा एक भाग असतो. युरोपातील ई-ट्विनिंग २००५ पासून चांगले चालले आहे, पण ते युरोपीय शाळांसाठी आहे. त्यात आपल्याला थेट नोंदणी करता येत नाही.

आता विषयाबद्दल. आपण विज्ञान शिकवता, तर पृथ्वीचा परीघ मोजा. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतील मध्यान्हीच्या सूर्यकिरणांचा फरक ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, धरून परीघ काढला होता. त्याला ते दोन ठिकाणांमुळे शक्य झाले. एका शाळेला हा प्रयोग स्वतःपुरता करता येत नाही, म्हणून दुसऱ्या शाळेची गरज इथे खरी आहे. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि खडू एवढेच साहित्य लागते.

समजा जोडीदार शाळा मॉरिशसमध्ये आहे. आपले गाव सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, तर मॉरिशस सुमारे २०.२ अंश दक्षिणेला. २० मार्चच्या आसपास, विषुवदिनी, मध्यान्हीला आपल्या काठीची सावली सुमारे ३२ सेंटिमीटर पडेल आणि ती उत्तरेकडे असेल. तिकडची सुमारे ३७ सेंटिमीटर आणि ती दक्षिणेकडे. आपली सावली ज्या दिशेला पडते, तिच्या बरोबर विरुद्ध दिशेला त्यांची पडते, हे पडद्यावर प्रत्यक्ष पाहिल्यावर गोलार्ध या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काठीची उंची आणि सावलीची लांबी यांवरून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढता येतो. दोन्हीकडच्या कोनांची बेरीज सुमारे ३७.९ अंश येते. नकाशावर दोन्ही ठिकाणांमधील फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजले तर ते सुमारे ४,२०० किलोमीटर भरते. ३६० ला ३७.९ ने भागून त्या अंतराने गुणले की परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. मुलांच्या मोजणीत हजार-दोन हजार किलोमीटरची चूक निघेल, आणि ती का निघाली यावर जी चर्चा होईल, तीच या कामाची कमाई आहे.

यात एक गंमतही आहे. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. २० मार्चला आपल्या गावी सूर्य सर्वांत वर येतो तो १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास, आणि मॉरिशसमध्ये येतो तेव्हा आपल्याकडे १ वाजून ४७ मिनिटे झालेली असतात. म्हणजे आपली मुले आपली सावली मोजून, शालेय पोषण आहार घेऊन, हात धुऊन टीव्हीसमोर बसतील आणि तिकडची सर्वांत आखूड सावली घडताना पाहतील. मधल्या ६८ मिनिटांना ४ ने भागले की दोन्ही गावांच्या रेखांशांतील १७ अंशांचा फरकही हाती येतो. सूर्य दर अंशाला ४ मिनिटे घेतो हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मग मुले विसरत नाहीत.

निवृत्त दूरसंचार

मास्तरांच्या प्रयोगात एक सुधारणा सुचवतो. विषुवदिनाचा आग्रह धरण्याची गरज नाही. सूर्य दोन्ही गावांच्या अक्षांशांच्या मध्ये कोठेही असला, तर एकीकडचा कोन जितका वाढतो तितकाच दुसरीकडचा कमी होतो आणि बेरीज तीच राहते. मध्य फेब्रुवारीत मोजाल तर आपली सावली सुमारे ५९ सेंटिमीटर आणि त्यांची १३ च्या आसपास भरेल, बेरीज मात्र पुन्हा ३७.९ अंशच. अट एवढीच, की दोन्हीकडे मोजणी एकाच दिवशी व्हावी. याचा व्यावहारिक फायदा असा, की ढग आले तर दुसरा दिवस घेता येतो. मे महिन्यातील शून्य सावलीचा दिवस आकर्षक असला तरी तो आपल्या उन्हाळी सुट्टीत येतो.

यंत्रणेविषयी थोडक्यात सांगतो. लोक चित्राची काळजी करतात आणि आवाजाकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात कॉल फसतो तो आवाजामुळे. संपूर्ण वर्गासाठी एकच उपकरण कॉलमध्ये असावे आणि एकच माइक चालू असावा. त्याच खोलीत शिक्षकांच्या मोबाइलवरूनही कॉल सुरू ठेवला, तर आवाज फिरून फिरून येतो आणि शिट्टी वाजू लागते. लॅपटॉपचा माइक मागच्या ओळीतील मुलाचा आवाज पकडत नाही, म्हणून बोलणाऱ्या मुलाने लॅपटॉपजवळ येऊन बोलावे किंवा बैठकीसाठी मिळणारा स्पीकरसह माइक कोणाकडून तरी मागून आणावा. वर्गावर पत्रा असेल तर पावसाळ्यात कॉल ठेवूच नये. खिडकी मुलांच्या पाठीमागे आली की पलीकडे फक्त काळ्या आकृत्या दिसतात, त्यामुळे उजेड समोरून हवा.

स्वच्छ चित्रासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे १.२ एमबीपीएस इतका स्थिर वेग पुरतो. तासाभराच्या कॉलला साधारण १ जीबी डेटा लागतो. केवळ आवाजाला याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेग लागतो, म्हणून जोडणी मंदावली की कॉल न तोडता आधी चित्र बंद करावे. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची तार आली असेल तर त्या जागेत कॉल ठेवण्याचा विचार करावा. झूमचा मोफत कॉल सध्या ४० मिनिटांनी थांबतो. गुगल मीटवर दोनच उपकरणे असतील तर ही अडचण येत नाही, आणि आपल्याकडे दोन शाळांची मिळून दोनच उपकरणे असणार आहेत.

आणखी एक गोष्ट. आवाज एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की संवादातील खंड जाणवू लागतो आणि माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. दुसऱ्या खंडाशी होणाऱ्या कॉलमध्ये हे होण्याची शक्यता बरीच असते. प्रश्न विचारल्यानंतर थोडे थांबायचे, हे मुलांना आधी शिकवावे, आणि दोन्ही शाळांनी एकाच वेळी एक गाणे म्हणण्याचा कार्यक्रम कोणीही सुचवला तरी नम्रपणे नाकारावा.

चिकित्सक

उत्साहावर विरजण घालण्याचा हेतू नाही, पण एक बाजू इथे कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो.

ही आशा नवी नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या सीयू-सीमी या व्हिडिओ कॉलच्या प्रणालीवर १९९३ मध्येच ग्लोबल स्कूलहाउस या प्रकल्पात अमेरिकेतील काही शाळा आणि लंडनमधील एक शाळा एकमेकींना पाहत होत्या. तेव्हापासून तंत्र कितीतरी पटींनी स्वस्त झाले. मुले एकमेकांना दिसली की जग जवळ येते, हे गृहीतक मात्र जसेच्या तसे राहिले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते की दोन गटांची नुसती भेट पूर्वग्रह कमी करण्यास पुरत नाही. भेटीत दोघांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट समाईक असावे लागते, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागते आणि दोन्हीकडच्या संस्थांचे त्याला पाठबळ असावे लागते. या अटी नसतील तर भेटीमुळे पूर्वग्रह पक्का होण्याचीही शक्यता असते. श्रीमंत देशातील शाळा आणि आपली शाळा समोरासमोर आल्या, तिकडच्या मुलांनी तुमच्याकडे वीज असते का असे विचारले आणि आपल्या मुलांनी त्यांच्या जलतरण तलावाकडे पाहत राहायचे, तर दोन्ही बाजूंची मुले नेमके काय शिकून उठतील?

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण याच्याशी जोडून पाहण्यासारखे आहे. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्र यांना २०१३ मध्ये टेड पारितोषिक मिळाल्यानंतर ज्या मोजक्या ठिकाणी त्यांची स्कूल इन द क्लाउड ही, मुलांनी इंटरनेटच्या आधारे स्वतः शिकण्याची केंद्रे उभी राहिली, त्यांत फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचा समावेश होता. त्याआधी २००९ पासून ब्रिटनमधील, विशेषतः निवृत्त, स्वयंसेवक भारतातील मुलांशी स्काइपवर गप्पा मारत आणि त्यांना गोष्टी वाचून दाखवत. त्याला ग्रॅनी क्लाउड असे नाव पडले. मुलांची इंग्रजीची भीती जाण्यासाठी हा मार्ग चांगला आहे, आणि मॅडमना अडचण केवळ बोलण्याच्या धिटाईची असेल तर तो अधिक उपयोगी ठरेल. पण त्यात एक बाजू देणारी आणि दुसरी घेणारी असते. बरोबरीच्या मुलांची भेट ही निराळी गोष्ट आहे आणि ती अधिक कठीण आहे. डिसले सरांच्या लेट्स क्रॉस द बॉर्डर्स या उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावातील देशांची मुले जोडली गेली. तिथे एकमेकांशी बोलण्याचे कारण दोन्ही बाजूंना सारखेच होते.

म्हणून सावलीचा प्रयोग मला पटतो. त्यात कोणाच्या शाळेची इमारत मोठी आहे याला काही महत्त्व उरत नाही, कारण आपल्याला त्यांचा आकडा हवा असतो आणि त्यांना आपला.

एक प्रशासकीय सूचनाही करतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. तेव्हा पालकसभेत उपक्रम समजावून सांगून लेखी संमती घ्यावी. कॉलचे चित्रीकरण करायचे असल्यास ते दोन्ही शाळांनी आधी मान्य केलेले असावे. मुलांची पूर्ण नावे, गावाचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक पडद्यावर किंवा समाजमाध्यमांवर येऊ नयेत. कार्यक्रमाचे छायाचित्र तासाभरात व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची आपल्याकडे जी घाई असते, तिला निदान इथे आवर घालावा.

मोकाहून

मी मूळची रत्नागिरीची. काही वर्षांपासून मॉरिशसमध्ये राहते आणि येथील मराठी शिक्षकांशी माझा नित्य संबंध येतो. वरील चर्चेत आमच्या बेटाचे नाव आलेले पाहून लिहावेसे वाटले.

येथील मराठी समाज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर आलेल्या मजुरांचा वंशज आहे. त्यांतील बरेच जण कोकणातले होते. पोर्ट लुईसमधील ज्या धक्क्यावर असे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शाळांमध्ये मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्याच्या उच्च शिक्षणाची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मात्र मुलांच्या घरात बहुधा क्रिओल बोलली जाते, फ्रेंच सर्वत्र कानावर पडते आणि शाळेचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी ही त्यांच्यासाठी वर्गात शिकायची भाषा आहे, जशी आपल्या मुलांसाठी इंग्रजी.

म्हणूनच भाषेच्या बाबतीत ही जोडी मला योग्य वाटते. मॅडमची मुले इंग्रजीत अडखळतील, इकडची मराठीत अडखळतील, आणि अडखळण्याची लाज दोन्हीकडे सारखीच वाटली गेली तर ती फारशी उरत नाही. पहिल्या कॉलमध्ये आपल्या मुलांनी इंग्रजीतून विचारावे आणि इकडच्यांनी मराठीतून उत्तर द्यावे, असा साधा नियम ठेवून पाहता येईल. त्यापूर्वी दोन-तीन आठवडे मुलांनी आवाजाच्या छोट्या फिती शिक्षकांमार्फत एकमेकांना पाठवाव्यात. फीत पुन्हा ऐकता येते, चुकल्यास पुन्हा बोलता येते, आणि प्रत्यक्ष कॉलच्या वेळी समोरचा आवाज ओळखीचा झालेला असतो.

वर्ग निवडताना एक काळजी घ्यावी. इकडे सहावीच्या शेवटी प्राथमिक शिक्षणाची राष्ट्रीय परीक्षा असते आणि त्या वर्षी शिक्षक असल्या उपक्रमांना सहसा तयार होत नाहीत, त्यामुळे सातवीचा वर्ग शोधावा. शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते. पहिल्या काही महिन्यांत चक्रीवादळाचा इशारा लागला की शाळा बंद राहतात, तेव्हा एकाच तारखेवर सारे अवलंबून ठेवू नये. दूरसंचार अभियंत्यांनी सांगितलेली फेब्रुवारी-मार्चमधील कोणत्याही दिवसाची मुभा त्यासाठी फार उपयोगी पडेल.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. न्यू जर्सीच्या गृहस्थांना मी तसे कळवले आहे. त्यांनी मोठेपणाने ते समजून घेतले आणि स्पीकरसह माइक पाठवण्याची तयारी दाखवली आहे.

चिकित्सक सरांचा मुद्दा मी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला. आमच्यातील एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले, की वीज असते का हा प्रश्न कोणी विचारलाच तर मुलांना त्याचे उत्तर देता आले पाहिजे. टँकर, चारा छावणी आणि पाणलोटाची कामे याविषयी बोलायला आमच्या मुलांना कमीपणा वाटत नाही. मलाही ते पटते, पण तो विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीचा असावा, पहिल्या भेटीत सावलीच मोजावी, असे ठरले आहे.

आता दोन गोष्टी विचारते. काठीच्या सावलीचे टोक धूसर पडते, तेव्हा नेमकी कोणती कड मोजायची? आणि मोकाहून लिहिणाऱ्या ताईंना विनंती, की सातवीला शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकांशी आमची ओळख करून देता आली तर पाहावे. आमचे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने तयार आहे.

पन्हाळ्याकडचा मास्तर

सूर्य बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे टोकाशी गडद आणि फिकट असे दोन पट्टे दिसतात. दोन्ही शाळांनी फिकट पट्ट्याचा मध्य धरावा. काठीच्या टोकाला मध्यभागी लहान भोक पाडलेला पुठ्ठा लावलात तर जमिनीवर सूर्याचा गोल ठिपका पडतो आणि त्याच्या केंद्रापर्यंत मोजता येते. मग मात्र काठीची उंची त्या भोकापर्यंत धरावी. मध्यान्हीच्या अंदाजे वेळेआधी वीस मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी खडूने खूण करत राहावे आणि सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची समजावी. जोडीदार शाळेशीही हीच पद्धत आधी लेखी ठरवून घ्या.

मोकाहून

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका जानेवारीत सातवीचा वर्ग घेणार आहेत. त्यांना विचारले, त्या तयार आहेत. शाळा सुरू होऊन वेळापत्रक लागले की दुसऱ्या आठवड्यात दोन्ही शिक्षिकांचा मुलांशिवाय एक चाचणी कॉल ठेवावा, असे त्यांनी सुचवले आहे. पत्र इंग्रजीत असेल तर सोबत मराठी प्रतही जोडा, ती त्यांना वर्गात वाचायला घेता येईल. त्यांचा पत्ता आपल्याला व्यक्तिगत संदेशातून पाठवते.